साखर कारखान्यातला प्राणवायू : उद्योगांची तांत्रिक कुवत आणि प्रादेशिक सहकार्य

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात उत्पादनाचे घटक चार सांगितलेले असतात : भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन. प्रथम वर्षाला हे चार घटक मी पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि गुणही मिळाले. परंतु ज्ञान हा घटक या चारांत नेमका कोठे बसवावयाचा, हा प्रश्न मनात राहिलाच. एखादे यंत्र कसे चालते, ते का बिघडते आणि त्याच्याकडून वेगळे काम कसे करून घेता येईल, ही जाण कोणाच्या मालकीची? कामगाराची, मालकाची, की त्या परिसराची? आपल्या धाराशिव जिल्ह्यात २०२१ साली एक गोष्ट घडली. तिचा विचार केला तर या प्रश्नाचे उत्तर पुरते नाही तरी अर्धेमुर्धे हाती लागते, असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूची टंचाई पडली. त्या दिवसांचे वर्णन येथे करीत नाही. ते दिवस प्रत्येक घराने आपापल्या परीने भोगले आहेत. वसंतदादा साखर संस्थेचे अध्यक्ष शरद पवार यांनी त्या वेळी राज्यातील साखर कारखान्यांना प्राणवायू निर्माण करण्याचे आवाहन केले. पुढच्या काही आठवड्यांतच कळंब तालुक्यात, येरमाळ्याजवळच्या चोराखळी येथील धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून प्राणवायू तयार केला. पुण्याच्या मौज इंजिनिअरिंग या कंपनीचे तांत्रिक साहाय्य त्याला होते. मे महिन्यात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे प्रकल्पाचे उद्घाटन केले. साखर कारखान्यात असा प्रयोग होण्याची ही देशातली पहिलीच वेळ असून रोज सुमारे २० टन प्राणवायू मिळेल, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले होते.

वर्तमानपत्रांनी या घटनेचे कौतुक केले आणि ते रास्तच होते. पण कौतुकात एक प्रश्न बाजूला पडला. राज्यात दोनशेच्या आसपास साखर कारखाने आहेत. आवाहन सर्वांनाच होते, निकडही सर्वांनाच होती. मग सर्वांत आधी हे जमले ते ज्याला आपण सारे मागास म्हणतो त्या जिल्ह्यातल्या एका कारखान्याला, हे कसे?

याचे उत्तर इथेनॉल कसे तयार होते यात दडलेले आहे. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. विज्ञान दहावीनंतर सुटले. तरीही हे समजून घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही, म्हणून जसे समजले तसे सांगते. मळी आंबवून जे द्रावण मिळते त्यात मद्यार्क फार थोडा असतो, बाकी पाणीच. ते उकळून, वाफ थंड करून, पुन्हा उकळून मद्यार्काचे प्रमाण वाढवीत नेतात. परंतु पंच्याण्णव टक्क्यांच्या पुढे हा उपाय थकतो. मद्यार्क आणि पाणी एकाच प्रमाणात वाफ होऊन वर येऊ लागतात, मग कितीही जाळ घाला. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी मात्र ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध इथेनॉल लागते. उरलेले पाणी काढण्यासाठी झिओलाइट नावाच्या पदार्थाचे खडे भरलेल्या दोन टाक्या वापरतात. या खड्यांना अतिसूक्ष्म छिद्रे असतात. छिद्राची रुंदी तीन अँगस्ट्रॉम, म्हणजे एका सेंटीमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यातले तीन! पाण्याचा रेणू त्यात शिरतो, मद्यार्काचा रेणू मोठा असल्याने बाहेर राहतो. एक टाकी पाणी शोषत असते तेव्हा दुसरीतील दाब कमी करून तिचे शोषलेले पाणी काढून टाकतात. मग टाक्यांची अदलाबदल. हे चक्र अखंड चालते.

आता हवेचा विचार करा. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के प्राणवायू आणि सुमारे एक टक्का आर्गॉन. वेगळ्या जातीचे झिओलाइट घेऊन त्यातून दाबाखाली हवा सोडली तर नायट्रोजन खड्यांना चिकटतो आणि प्राणवायू पुढे निघून जातो. येथे रेणूच्या आकाराचा प्रश्न नसतो. झिओलाइटमधल्या विद्युतभारित कणांना नायट्रोजनचे आकर्षण अधिक, एवढेच. त्यामुळे ‘चाळणी’ हा रूढ शब्द इथे थोडा फसवा आहे. आर्गॉन मात्र प्राणवायूबरोबरच राहतो, म्हणून या पद्धतीने शंभर टक्के शुद्धता येत नाही. ९३ टक्क्यांच्या आसपास येते आणि रुग्णालयाच्या कामाला ती चालते. पद्धत तीच : दोन टाक्या, दाब वाढविणे, दाब सोडणे, झडपांची अदलाबदल. खडे बदलावे लागतात, हवा दाबणारे यंत्र लागते, हवेतील तेल-धूळ गाळावी लागते, सिलिंडर भरण्याची सोय करावी लागते. पण दोन टाक्यांचे चक्र कसे सांभाळावयाचे, झडप केव्हा उघडावयाची आणि दाब कोठे गळतो आहे हे कसे ओळखावयाचे, हे इथेनॉल करणाऱ्या कामगाराला आधीच ठाऊक असते. पुण्याच्या अभियंत्याने येऊन चार शब्द सांगितले की त्याला ते कळतात. ज्या कारखान्यात आसवनीच नाही तेथे हेच चार शब्द परक्या भाषेतले ठरतात.

त्याच सुमारास, एप्रिलच्या अखेरीस, मुंबईच्या आय. आय. टी.नेही असाच एक प्रयोग जाहीर केला होता. अनेक कारखान्यांत नायट्रोजन वेगळा काढण्याची संयंत्रे असतात. त्यांतील कर्बाची चाळणी काढून झिओलाइट भरले आणि थोडे फेरबदल केले की तेच संयंत्र प्राणवायू देऊ लागते, हे टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि स्पॅनटेक या कंपन्यांच्या साहाय्याने तेथे दाखवून देण्यात आले. दोन्ही ठिकाणी नवे यंत्र शोधून काढलेले नाही. असलेल्या यंत्राचा नवा उपयोग ओळखला आहे. याला शोध म्हणावयाचे की नाही याबद्दल आमच्या वर्गात वाद झाला. माझे मत असे की म्हणावयास हरकत नसावी. मात्र असा शोध तेथेच लागतो जेथे जुने यंत्र आतूनबाहेरून माहीत असलेली माणसे असतात.

कोहेन आणि लेविंथाल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९९० साली एक लेख लिहून या गुणाला नाव दिले. त्याला मराठीत आपण ‘ग्रहणक्षमता’ म्हणू. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : बाहेर कितीही ज्ञान उपलब्ध असले, विद्यापीठे असली, संशोधनसंस्था असल्या, तरी एखादी कंपनी त्यातून काय आणि किती उचलणार हे तिच्याजवळ आधी काय आहे यावर अवलंबून असते. स्वतःच्या संशोधनावर केलेला खर्च दोन कामे करतो. त्यातून नवी वस्तू निघते ही एक गोष्ट. दुसऱ्याने काढलेले समजण्याची पात्रता येते ही दुसरी. आपल्याकडे आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, असे म्हणतात. या अभ्यासकांच्या सांगण्याचा रोख थोडा निराळा आहे. आडात पाणी भरपूर असते. प्रश्न पोहरा फुटका आहे की धड, हा असतो.

उलट बाजूचा विचार त्याहून जुना आहे. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० सालच्या आपल्या ग्रंथात असे दाखविले की एकाच धंद्याची माणसे एके ठिकाणी राहिली म्हणजे त्या धंद्याची गुपिते जणू हवेत पसरतात आणि लहान मुलेदेखील ती नकळत शिकतात. म्हणजे कुवत एकेका कंपनीच्या अंगी येण्याआधी परिसराच्या अंगी येते. कोल्हापूरचे उद्यमनगर हे याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण. शेतकऱ्यांची ऑइल इंजिने दुरुस्त करता करता तेथील कारागीर स्वतः इंजिने करू लागले. इंजिनांसाठी ओतकाम लागले, म्हणून ओतशाळा निघाल्या आणि त्या ओतशाळांचे सुटे भाग पुढे मोटारींच्या कंपन्यांकडे जाऊ लागले. एकाची भट्टी बिघडली तर शेजारचा सांगतो. माणूस एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जातो आणि कसब सोबत नेतो. आपल्या मराठवाड्यात वाळूजला हेच निराळ्या वाटेने घडले. १९८५ च्या सुमारास बजाज ऑटोचा कारखाना आला. त्याला सुटे भाग पुरविणारे लहान उद्योग उभे राहिले, त्यांतील काही चांगलेच मोठे झाले आणि पुढे सर्वांनी मिळून वापरावयाच्या चाचणी-सुविधांसाठी मराठवाडा ऑटो क्लस्टर उभे राहिले. तेथे आधी एक मोठी कंपनी होती, तिची मोजमापाची शिस्त होती, आणि त्या शिस्तीला उतरता उतरता लहान उद्योगांत कुवत आली. सामाईक प्रयोगशाळा नंतरची.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे अनेकदा तो उलटा धरला जातो. आधी केंद्राची इमारत, फलक, उद्घाटन. त्यात शिरून काही मागू शकेल असा उद्योग मात्र गावात नाही.

साखरधंद्यात सहकार्याची गोष्ट याहून जुनी आणि अभिमानास्पद आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरानगरला १९५० साली कारखाना सुरू केला, तेव्हा त्याचे अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. शेतकरी आणि अर्थशास्त्रज्ञ एका मंडळात बसले, हीच त्या काळातली मोठी नवी गोष्ट होती. पुढे १९७५ साली कारखान्यांनी मिळून पुण्याजवळ मांजरी येथे डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट काढली. १९८९ साली वसंतदादा पाटलांच्या निधनानंतर तिला त्यांचे नाव मिळाले. सभासद कारखाने गाळलेल्या उसावर दर टनामागे वर्गणी देतात व त्यातून संस्था चालते. एकेका कारखान्याला परवडले नसते ते सर्वांनी मिळून उभे केले. उसाची जात, साखरेचे तंत्र, यंत्रे, मद्यार्क असे विभाग तेथे आहेत.

परंतु याच संस्थेचा लाभ सर्व सभासदांना सारखा होतो काय? को ८६०३२ या उसाचेच पाहा. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत, म्हणजे १९१२ पासून चालत आलेल्या संस्थेत, तो निर्माण झाला. पाडेगावच्या संशोधन केंद्राने त्याची आपल्याकडच्या मातीत पारख केली, आणि १९९६ साली महाराष्ट्रात त्याची शिफारस झाली. यानंतरचे काम कारखान्याच्या ऊसविकास विभागाचे. बेणेमळे करावयाचे, चांगले बेणे वेळेवर शेतकऱ्याच्या बांधावर पोचवावयाचे, लागणीच्या तारखा पाळावयाच्या, तोडणीचा कार्यक्रम पक्वतेप्रमाणे लावावयाचा. ज्या कारखान्याकडे जाणते कृषी अधिकारी होते, त्याच्या साखर उताऱ्यात फरक पडला. ज्याच्याकडे हा विभाग म्हणजे नातेवाइकांची सोय होती, तेथे तीच जात, तेच माहितीपत्रक, तीच संस्था, आणि उतारा मात्र होता तेथेच. वर्गणी दोघांचीही तेवढीच!

(येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. ज्या जिल्ह्यात २०१५-१६ च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी टँकर धावले, त्या जिल्ह्याने उसावर किती विसंबावे, हा प्रश्न रास्त आहे. तो या लेखाचा विषय नाही, म्हणून सोडून देते. पण कारखान्याची तांत्रिक कुवत म्हणताना थेंबाथेंबाने उसाला पाणी देण्याची कुवतही तीत धरली पाहिजे.)

आता दुसरी बाजू. कुवत कमावता येते तशी ती गमावताही येते. ढोकीचा तेरणा कारखाना हा मराठवाड्यातल्या जुन्या सहकारी कारखान्यांपैकी एक. तो कित्येक वर्षे बंद राहिला, हे जिल्ह्यातील प्रत्येकाला माहीत आहे. कारखाना बंद पडला की चर्चा होते ती कर्जाची, थकलेल्या पगारांची आणि उसाच्या बिलांची. होऊ नये असे कोण म्हणेल? पण ताळेबंदात न दिसणारे एक नुकसान असते. जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यात पॅनमन म्हणून काम केलेले एक गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. त्यांना मी त्यांच्या कामाविषयी विचारले. पॅनमधला पाक शिजत असताना त्यातील नमुना काचपट्टीवर घेऊन, उजेडाकडे धरून दाणा पाहावयाचा आणि पाक सोडावयाची वेळ ठरवावयाची, हे त्यांचे काम. ते म्हणाले, “पोरी, मला हे कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. आमच्या उस्तादाच्या मागं चार सीझन उभा राहिलो, तवा हात बसला. माझ्या मागं दोन पोरं उभी होती. कारखाना बसला, एक पुण्याला रखवालीला गेला, एकानं वेल्डिंगचं दुकान टाकलं. मी कर्नाटकात सीझनपुरता जातो.”

यंत्रे उभीच असतात. कर्ज फिटले, नवा चालक आला, तर ती पुन्हा फिरतीलही. पण त्या काचपट्टीवरची नजर कर्नाटकात गेलेली असते आणि तिला मागे उभे राहणारे कोणी नसते. कोहेन-लेविंथाल यांनीही हेच सांगितले आहे : ग्रहणक्षमता साठत साठत वाढते आणि ज्याने एका टप्प्यावर ती वाढविण्याचे सोडले त्याला पुढच्या टप्प्यावर नवे काय आले आहे हे ओळखूही येत नाही. दहा वर्षे बंद असलेल्या कारखान्याला एप्रिल २०२१ चे आवाहन ऐकू जरी आले असते, तरी उत्तर द्यावयास आत कोण होते?

माझ्या प्रतिपादनावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो बळकट आहे. कुवत एवढी महत्त्वाची असेल तर ज्या कंपनीजवळ ती भरपूर आहे तिला शेजाऱ्यांची गरजच काय? ती थेट मुंबईशी, जर्मनीशी बोलेल. खरेच आहे. चोराखळीच्या प्रयोगातही सहकारी पुण्याचा होता, जिल्ह्यातला नव्हता. त्या काळात देशभरच्या प्राणवायू संयंत्रांसाठी झिओलाइट कमी पडले आणि ते युरोपातून विमानाने आणावे लागले, हेही सर्वांनी वाचले आहे. तेव्हा ‘प्रादेशिक’ या शब्दाची सीमा जिल्ह्याच्या नकाशावर काढता येत नाही. अगदी कमजोर उद्योगाला सहकार्य पेलत नाही आणि अगदी बलाढ्य उद्योगाला परिसराची गरज उरत नाही. परिसरातील सहकार्याचा खरा उपयोग होतो तो मधल्यांना : ज्यांच्याकडे एखादा तरी जाणता रसायनतज्ज्ञ, एखादा तरी डोकेबाज फिटर आहे, पण स्वतःची प्रयोगशाळा बांधण्याची ऐपत नाही. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक उद्योग मधल्यांच्या किंचित खाली आहेत. त्यांना एक पायरी वर आणणे हे काम जिल्ह्यातच होऊ शकते. ते करावयास जर्मनीहून कोणी येणार नाही.

२०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आले, त्यांत तेव्हाचा उस्मानाबाद होता. योजना येतात आणि त्यांबरोबर बैठका येतात. जिल्ह्यात विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, तुळजापूरला १९८६ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेचे संकुल आहे. कारखानेही आहेत : चोराखळीखेरीज केशेगाव, रांजणी, मुरूम. शिकणारे आणि करणारे यांच्यात अंतर किती, तर एस. टी.ने दीड-दोन तासांचे. तरी माझ्या ओळखीतले तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी प्रकल्पासाठी पुण्याला धावतात आणि तिकडूनच विकत आणलेला ‘मॉडेल’ जमा करतात. भूम-वाशीकडे गावोगावी खव्याच्या भट्ट्या आहेत. लाकूड किती जळते, दुधाच्या किलोमागे खवा किती पडतो, तो किती दिवस टिकतो, हे मोजण्याला कोणते मोठे यंत्र लागते? वजनकाटा, तापमापक आणि वही. एवढी मोजदाद भट्टीवाल्याच्या हाती असेल, तर उद्या कोणी सुधारित भट्टी घेऊन आला असता तो त्याला चार प्रश्न विचारू शकेल. आज तो फक्त अनुदान किती, एवढेच विचारतो. आणि त्यात त्याचा दोष नाही.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजी लेख वाचताना शब्दकोशाचे पान ज्या वेगाने उलटावे लागते तो वेग मला माहीत आहे. पहिल्या लेखाला तीन आठवडे लागले, दुसऱ्याला चार दिवस. ग्रहणक्षमता या कल्पनेवर माझा विश्वास बसला त्याला हेही एक कारण असावे.

दसऱ्यानंतर कारखान्यांत अग्निप्रदीपन होईल, गव्हाणीत मोळ्या पडतील आणि मार्चपर्यंत कोणाला बोलावयास सवड मिळणार नाही. हंगाम संपला की यंत्रे खोलतात, तेव्हा जाण्याचा आम्हा चौघी-पाच जणींचा विचार आहे. प्रत्येक ठिकाणी विचारावयाचे प्रश्न तयार ठेवले आहेत. गेल्या हंगामात काय बिघडले आणि ते कोणी दुरुस्त केले, आपल्या माणसाने की बाहेरच्याने? बाहेरचा आला तेव्हा त्याच्याशेजारी आपला कोण उभा होता? आणि पॅनमनच्या मागे सध्या कोण उभे आहे, त्याचे वय काय?